ग्रुपचं कुलूप

"अण्णा, ग्रुप काय तुमच्या बापाचा हाय?"

कुंभारीच्या विडी वस्तीत भिंतीपलीकडचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही, झाकावा लागतो. सोजरबाईनं तोही झाकला नाही. ओरडणारा तिचाच पोरगा, युवराज. समोर शरणबसव, बायकांनी वळलेल्या विड्या रिक्षातून कारखान्यात पोचवणारा आणि वस्तीच्या मोबाईल ग्रुपचा मालक. ग्रुपला त्यानं कुलूप घातलेलं. बोलणार तो एकटा, बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

"बायकोला कळा सुटल्या, तुमचा फोन लागंना. रिक्षा बघा म्हणून ग्रुपवर लिवायला गेलो तर तोंडाला टाळं! लेकरू दारात झालं की वो."

"आन् उघडलं तर? जो तो घाण ओतंल."

"ओतू द्या की! देवानं तोंड सगळ्यांना दिलंय."

शरणबसव माणूस हट्टी, पण लेकराची गोष्ट त्याला लागली. बसल्या जागी त्यानं कुलूप काढलं.

मग काय! बारशी, हरवलेल्या शेळ्या, जावाजावांची उणीदुणी. सोजरबाईला लई करमायचं. वाचता न येणाऱ्या बायका ओट्यावर विड्या वळत बसायच्या आणि मधोमध एक फोन मोठ्यानं वाजायचा.

एका दुपारी ग्रुपवर कुणीतरी पाठवलेल्या आवाजात एक अनोळखी बाई रडली. चादरी विकणारे बनून पोरं पळवणारे आलेत, सापडले तर सोडू नका, म्हणाली. तो आवाज पुढं पाठवायला गेलं की पाचांच्या वर नको म्हणून फोन अडवत होता. पण ओट्यावर एकदा वाजलं की अख्ख्या गल्लीनं ऐकलं, तिथं फोन कुणाला अडवणार? शरणबसवनं कारखान्याच्या वाटेतच तो आवाज ग्रुपवरनं पुसला, रिक्षा माघारी वळवली. फोनमधलं गेलं, तोंडातलं राहिलं.

चौकात फेरीवर आलेल्या एका चादरवाल्याला पाडलं होतं. लाथा, दगड, चपला. दात मातीत, चादरी रक्तात. ज्या हातांनी सकाळी लेकरं न्हाऊ घातली, तेच हात दगड शोधत होते. शरणबसव त्याच्यावर पालथा पडला.

"मला मारा! कुलूप मी काढलंय!"

त्याच्या डोक्यात काठी बसली. नारळ फुटावा तसा आवाज सोजरबाईनं ओट्यावरनं ऐकला. कुणाची काठी? सगळ्यांच्याच हातात होती, तिच्या युवराजच्याही. रक्त बघून त्यानं ती टाकली आणि आडवा आला, "बास! मेला की रं!"

चादरवाल्याला शरणबसव आणि युवराजनं रिक्षातून दवाखान्यात पोचवलं. तो वाचला. डॉक्टर शरणबसवला डोकं तपासतो, बस म्हणाले, तर हा बसतोय कुठला! विड्या रिक्षातच होत्या.

"अण्णा, घाला परत कुलूप," युवराज रडत म्हणाला.

"नको. उद्या कुणाला कळा सुटल्या तर? लिवणं उघडंच ऱ्हाऊ दे. पण आवाज आला की आधी तू एकट्यानं ऐक, खरं-खोटं कर, मगच ओट्यावर वाजव." त्यानं फोन युवराजच्या हातात दिला. ग्रुपचा दुसरा मालक केला त्याला.

त्याच संध्याकाळी शरणबसव त्या मारानं गेला. पण त्याआधी कारखान्याच्या दारात रिक्षा लावून त्यानं विड्यांच्या पाट्या उतरवल्या, रोजच्यासारखं एकेकीचं नाव घेत.

"ही मायाक्काची. ही नागम्माची."

कपाळावरचं रक्त बाहीला पुसलं, विड्यांना लागू दिलं नाही.

"आन् ही सोजरमावशीची. नीट ठेवा."