उल्काताईंचं कापडी गर्भाशय

उल्का दाबके मूळच्या मिरजेच्या. नवरा श्यामकांत चंदीगडच्या विद्यापीठात शिकवायला लागला तेव्हा त्या इकडे आल्या आणि घरीच शिवणाचे वर्ग घेऊ लागल्या. छत्तिसाव्या वर्षी पाळीत त्यांच्या अंगावरून इतकं जायला लागलं की जिना चढताना धाप लागे. ओळखीच्या बायका म्हणाल्या, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाक."

उल्काताईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "काढायचं ते असतं तरी कसं?" बाईंनी चित्र काढून समजावलं. गर्भाशयात गाठी होत्या, पण साध्या, कर्करोगाच्या नव्हेत. ऑपरेशन करून तेवढ्या गाठी काढल्या, पिशवी राहिली.

बऱ्या झाल्यावर मशीनवर बसून त्यांनी आधी काय शिवलं असेल, तर गर्भाशय. मुठीएवढं, कापूस भरलेलं, आत लाल सॅटीनचं अस्तर. वर्गात त्या ते उघडून दाखवत. "हे अस्तर दर महिन्याला गळतं, तीच पाळी. यात विटाळ कसला?" पहिल्या दिवशी बायकांनी ओढण्या तोंडावर घेतल्या. महिन्याभरात प्रश्न आवरेनात.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या गुरबचन कौर वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळल्या. साठी उलटलेल्या या बाईंना सगळे बीजी म्हणत. त्या दिवसांत पंजाबातून रोज माणसं मारल्याच्या बातम्या येत. बीजींच्या पुतण्याला पोलीस चौकशीला घेऊन गेले होते, तो अजून परतला नव्हता. उल्काताईंना वाटलं, त्याच्याबद्दलच काही सांगायचं असेल.

"पुत्तर, माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली," बीजी खाली बघत म्हणाल्या. "आता पुन्हा डाग पडतात."

"कधीपासून?"

"बैसाखीच्या सणापासून. घरात एवढं चाललंय, त्यात माझं कुठं काढू?"

उल्काताईंनी आवाज हलू दिला नाही. "बीजी, पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचं. बहुतेकदा काही निघत नाही. पण निघालंच तर लवकर कळलेलं बरं. उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी शहरात संचारबंदी लागली. दोन तासांची सूट मिळताच उल्काताईंनी सायकलरिक्षा बोलावली. नाक्यावर शिपायाने अडवलं. "कहाँ जाना है?"

"अस्पताल."

"क्या तकलीफ़ है?"

बीजींनी मान खाली घातली. उल्काताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बच्चेदानी की जाँच करानी है. और कुछ पूछना है?" शिपाई कानापर्यंत लाल झाला आणि त्याने मुकाट्याने रस्त्यावरचा आडवा बांबू उचलला. रिक्षा पुढे गेली तशी बीजींना हसू फुटलं. कित्येक दिवसांत त्या हसल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. कर्करोगच निघाला, पण अजून गर्भाशयाबाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं. बीजींनी उल्काताईंचा हात घट्ट धरला. "तुझी पिशवी राहिली, माझी का काढायची?"

"माझ्या गाठी साध्या होत्या. तुमचा आजार अस्तरातच आहे, पिशवीसकट काढला तरच जाईल. ठेवावी कधी, काढावी कधी, हे कळायला हवं, बीजी. घाबरून काढायची नाही आणि हट्टानं ठेवायचीही नाही."

बीजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मुलाला सांगितलं, "सही कर."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढे पुतण्याही सुटून आला, वाळलेला, अबोल. बीजींनी त्याला समोर बसवून जेवू घातलं.

थंडीत एका दुपारी बीजी सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. "हिला पांढरं जातं, कंबर दुखते, आणि ही लपवते. मी दोन महिने लपवलं, म्हटलं, तू तरी तो शहाणपणा करू नकोस."

सून ओशाळून हसली. उल्काताईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "बोल बेटा, कधीपासून?"