मागायचं राहिलंच

"अगं बाई, मागायचं राहिलंच."

आमच्या लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई 'आमेन' म्हणून डोळे उघडत आणि पहिलं वाक्य हे बोलत. बाई नगरकडच्या ख्रिस्ती. मी तिथला कंपाउंडर. बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवणं हा माझा पोटाचा धंदा आणि काळजी करणं हा आवडीचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, लख्ख उन्हात छत्री घेऊन निघणारा. लोणावळ्यात ते शहाणपण ठरतं, म्हणून माझं खपून जाई.

बाईंचा नियम असा, की प्रार्थनेत आधी देवाचे उपकार मानायचे आणि मग काय हवं ते मागायचं. नियम चांगला होता. पण उपकारांची गाडी एकदा सुटली की मागण्याच्या स्टेशनावर थांबतच नसे.

एकदा ऐन हिवतापाच्या दिवसांत क्विनाईन संपलं. पुण्याहून पार्सल आलं नव्हतं आणि दारात माणसं कुडकुडत बसली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी डोळे मिटले.

"बापा, तुझे उपकार. रात्री झोप दिलीस. डॉक्टरसाहेबांचा खोकला थांबवलास. कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागली. कंपाउंडरचं अक्षर हल्ली वाचता येतं. आमेन."

"बाई, आणि क्विनाईन?"

"अगं बाई, मागायचं राहिलंच." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण एवढ्यासाठी त्याला पुन्हा कशाला हाक मारायची? तुम्हीच स्टेशनवर बघून या."

गेलो. पार्सल आदल्या दिवशीच येऊन पडलं होतं. सकाळपासून मी जिच्यापायी अर्धा झालो होतो, ती काळजी स्टेशनपर्यंत चालत जाण्याएवढीच होती.

औंढ्याच्या एका आबांचं गळू फोडायचं होतं. आबा अंगानं पहिलवान, पण डॉक्टरांच्या हातात चाकू बघून पांढरे पडले. बाईंनी प्रार्थना सुरू केली तसे आबांनीही डोळे मिटले आणि मध्येच म्हणाले, "बाई, आमच्या म्हशीचं बी सांगा की. लय दूध देती."

"बापा, आबांच्या म्हशीबद्दल तुझे उपकार."

"अन् रेडकू ऱ्हायलं."

"रेडकाबद्दलही उपकार."

आबा मग बैलांवर आले, कोंबड्यांवर आले आणि शेवटी स्वतःच हसत सुटले. तेवढ्यात डॉक्टरांनी गळू फोडून पट्टीही बांधली होती. "झालं व्हय?" आबा म्हणाले, आणि त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. कुत्र्याचं सांगायचं राहिलं होतं.

मी एकदा बाईंना विचारलं, "तुम्ही मुद्दाम विसरता का हो?"

"छे. खरंच विसरते," त्या म्हणाल्या. "मागायला बसलं ना, की काळजी एकटीच पुढ्यात येऊन बसते. डोंगराएवढी दिसते. उपकार मानायला बसलं की तिला आपल्या दवाखान्यासारखं रांगेत उभं राहावं लागतं. नंबर येईपर्यंत बिचारीचं तोंड एवढंसं होतं."

मला हे पटलं, पण ते दुसऱ्यांच्या काळज्यांपुरतं.

कारण मग माझ्या घरची पाळी आली. आमची दोन मुलं जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली होती. बायको तिसऱ्यांदा बाळंत होत होती. बाई आणि माझी टाकव्याची आत्या आत, मी भर दुपारी ओट्यावर. एवढ्यात दाराआडून बाईंचा आवाज आला, "बापा, तुझे उपकार."

मी उडालोच. झालं, सुटली, असं समजून समोरच्या किराणावाल्या चाचांना ओरडून सांगितलं. चाचांनी साखरेचं पोतं उघडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवायला लागले. आतून पुढचं ऐकू आलं, "पाणी चांगलं उकळलं."

मी मटकन खाली बसलो. थोड्या वेळानं पुन्हा "बापा, तुझे उपकार." मी पुन्हा उडालो. या वेळी ते आत्याच्या दणकट हातांबद्दल होते. तिसऱ्यांदा खिडकीतल्या वाऱ्याबद्दल. दर खेपेला मी उडत होतो आणि दर खेपेला चाचा साखर वाटत होते. शेवटी आत्या दारात आली. सगळी आळी साखर खाताना बघून म्हणाली, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. अजून कुटं काय झालंय?" आणि धाडकन दार लावलं.

मग आत एकाएकी शांत झालं. उपकार थांबले. इतके दिवस ज्यांना हसलो, ते ऐकू यावेत म्हणून मी कान दारावर टेकवला. बऱ्याच वेळानं बाई बोलल्या, अगदी हळू.

"बापा, आता मागते. हे एवढं लेकरू राहू दे."

बाईंना मागताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मलाही देव आठवला, कुठला ते विचारू नका. आणि आतून असा काही टाहो फुटला की चाचांच्या हातातलं माप पडलं.

"पोरगी हाय," आत्या म्हणाली. "आवाज बापावर न्हाई गेला, बरं झालं."

बाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. हसत होत्या आणि डोळे वाहत होते. "कंपाउंडर," त्या म्हणाल्या, "आज उपकार मानायचे राहिले." चाचांनी पुढे होऊन त्यांच्या हातावर साखर ठेवली.

मुलगी जगली. बोलायला लागली तेव्हा 'बाबा'च्या आधी 'आमेन' म्हणाली.

मग नगरला बाईंची आई थकली आणि बाई कायमच्या निघाल्या. पुण्याच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, मी मुलीला कडेवर घेऊन खाली. म्हणाल्या, "आज तुम्ही प्रार्थना करा."

"मला कुठे येते?"

"उपकारांपासून सुरुवात करा. पुढचं होतं आपोआप."

त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. "बापा, तुझे उपकार," मी म्हणालो. उकळलेल्या पाण्याबद्दल मानले, आत्याच्या हातांबद्दल, चाचांच्या साखरेबद्दल, आबांच्या म्हशीबद्दल, कडेवरच्या या पोरीबद्दल. एकामागून एक येतच राहिले. डोळे उघडले तर गाडी हलली होती. बाई हात जोडून, डोळे मिटून तशाच बसलेल्या. पोरगी जोरात ओरडली, "आमेन."

बाईंनी डोळे उघडले आणि हसून काहीतरी म्हणाल्या. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. खरंच राहिलं होतं. बाई जाऊ नयेत, एवढंच मागायला मी स्टेशनवर आलो होतो.