एक रिंग होकाराची

आमच्या अक्काचं लग्न मी एका रिंगमध्ये जमवलं आणि दुसऱ्या रिंगमध्ये मोडलं. मधे फार तर पाऊण मिनिट गेलं असेल.

मोबाईलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्या काळातली गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत मोबाईल फक्त माझ्याकडं. त्यामुळं सिमकार्ड, टॉवर, रोमिंग या विषयांत माझा शब्द शेवटचा. (मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकणाऱ्यालाही कळत नसलं की माणूस आपोआप तज्ज्ञ होतो.)

अक्काला कुरुंदवाडचे पाहुणे बघून गेले होते. मुलगा हायस्कुलात मास्तर. अक्काला तो मनापासून आवडला होता आणि हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. त्यांचा निरोप आला, "रविवारी घर बघायला या, तिथंच काय ते सांगतो." नेमकं त्याच रविवारी दुपारी चारला पेठ वडगावचं दुसरं स्थळ अक्काला बघायला यायचं होतं. कुरुंदवाडचा होकार आला तर वडगावकरांना येऊ नका म्हणून कळवायचं. नकार आला तर पोहे भिजवायचे.

"पण आमाला कळणार कसं?" आईनं विचारलं. कुरुंदवाडच्या त्या घरचा फोन आठ दिवस बंद पडला होता.

"माझा मोबाईल कशाला हाय?" मी म्हणालो. "मी तिथनं घरच्या फोनवर मिस्ड कॉल देतो. एकदा वाजून थांबला तर होकार. लागोपाठ दोनदा वाजला तर नकार. उचलायचा मात्र न्हाय, उचलला की पैसे गेले."

"आणि तीनदा वाजला तर?" अक्का म्हणाली.

"तीनदा कशाला वाजंल? मोबाईल हाय, देवळातली घंटा न्हवं."

रविवारी मी आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, कुरुंदवाडला पोचलो. चहा झाला, गोठा बघून झाला. मग मुलाच्या आजोबांनी पान लावता लावता सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय आमास्नी. लांबड लावायची न्हाय. जीप दारातच हाय, तुमच्यासंगट येतो आणि आजच सुपारी फोडून टाकू." अण्णांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "दे रं घरी रिंग."

मी मोबाईल काढला, तर रेंज नाही. अंगणात नाही, परड्यात नाही. स्लॅबवर गेलो, तिथून पाण्याच्या टाकीवर चढलो, तेव्हा कुठं दोन दांड्या उगवल्या. पण कंपनीचं नाव भलतंच! हद्दीपलीकडच्या टॉवरनं माझा फोन पकडला होता.

"काय झालं?" खालून अण्णा.

"अण्णा, रोमिंग लागलं. मी कर्नाटकात गेलो."

"टाकीवर हाईस की रं."

मी नंबर लावला. एक बाई कन्नडमध्ये शांतपणे काहीतरी समजावू लागली. कोल्हापूरचा कोड लावायचा राहिला होता. कोड घालून पुन्हा लावला, तर कानात काहीच नाही, नुसती सूं सूं. लागला नाही असं समजून तोडला. (इकडं कानात शांतता असली तरी तिकडं घंटा वाजू शकते, हे तज्ज्ञाला ठाऊक नव्हतं.) परत लावला. या खेपेला रिंग छान ऐकू आली. लगेच तोडला आणि खाली उतरून अण्णांना सांगितलं, "पोचला निरोप."

पोचला होताच. घरी आईनं दोनदा वाजलेली घंटा मोजली, डोळे पुसले आणि पोहे भिजवले. अक्का तोंड धुऊन साडी नेसायला गेली. हे नंतर ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

साडेचारला आमची जीप दारात थांबली. आत सतरंजीवर वडगावचे चौघं बसलेले, त्यांच्यासमोर अक्का पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. दारात आजोबा आणि पेढ्यांचा पुडा घेतलेले मास्तर.

"पावणं, कोण तुम्ही?" वडगावच्या मुलाच्या काकांनी विचारलं.

"आमी मुलाकडचे," आजोबा म्हणाले.

"मुलाकडचे तर आमी हाय की."

"अवो, ह्यांनी नको म्हटलंय न्हवं?" आईनं अण्णांना विचारलं.

"कोण म्हणतंय?"

"फोन. दोनदा वाजला."

सगळे माझ्याकडं वळले. मी खुलासा करायला घेतला. "त्याचं असं हाय, मी कुरुंदवाडात हुतो, पण फोन कर्नाटकात हुता. आणि घंटा कोल्हापुरात वाजत असताना मला ती—"

"मग आता आपण कुठं हाय?" आजोबांनी मास्तरांना हळूच विचारलं.

कुणालाच काही कळेना. वडगावचा मुलगा घाम पुसत होता. मास्तर अक्काच्या हातातल्या ट्रेकडं बघत राहिले, मग पेढ्यांचा पुडा पाठीमागं धरून जीपकडं वळले.

तेवढ्यात अक्का हलली. वडगावकरांसमोरून ट्रे घेऊन ती तडक उंबऱ्यापाशी गेली आणि मास्तरांपुढं धरून म्हणाली, "घ्या." मास्तरांनी उभ्याउभ्याच बशी घेतली. जमलं लग्न. टॉवर लागला नाही, कोड लागला नाही.

वडगावचे काका दिलदार माणूस. "पोहं गेलंच आता, च्या तरी पाजा," म्हणाले आणि पेढाही त्यांनीच पहिला खाल्ला. जाताना माझ्याकडं बोट करून अण्णांना विचारलं, "ह्याचं लगीन व्हायचंय?"

"व्हायचंय की."

"मग तेवढ्याला पत्र टाका."

अण्णांनी ते फारच मनावर घेतलं. दोन वर्षांनी माझ्यासाठी स्थळं बघायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं माझी माहिती लिहून टपालानं गावोगाव धाडली. शिक्षण, उंची, नोकरी, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: 'मुलगा निर्व्यसनी. मोबाईलही सोडला आहे.'