दादांचा काउबॉय

नवीन जालन्यात स्टेशनच्या वाटेवर एका माणसाचं सीडी भाड्याने द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला देण्याआधी तो प्रत्येक सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चरे बघायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या वडिलांना, दादांना, दिसेनासं झालं आणि त्यांनी बोलणंच सोडलं. तरुणपणी पाहिलेल्या काउबॉयच्या एका इंग्रजी सिनेमाचा विषय मात्र ते अजून काढायचे. तोच मागायला मी गेले आणि दादांचं सगळं त्याला सांगितलं.

"ताई, तीच गोष्ट घेऊन नवा सिनेमा निघालाय. तो न्या."

"जुन्याची सर येईल त्याला?"

"न्हाई येणार. पण हा हिंदीत हाय. दादांना आता ऐकायचंच हाय ना?"

मी नवा आणला. दादा ताठ बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "थांबव जरा. तो काउबॉयचा भाऊ हाय व्हय? मी इतकी वर्षं मेव्हणा समजून राह्यलो." आणि पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सीडी परत करताना मी हे सांगितलं, आभारही मानले. त्याने सीडी पुन्हा माझ्याच हातात ठेवली.

"राहू द्या अजून. मेव्हण्याला भाऊ मानायचं म्हंजे टाइम लागंल त्यांना."