दोन मेंढ्या जास्त

खिंडीतल्या काकूंकडे वर्षातून एकच माणूस हमखास यायचा, आणि तोही सरकारी पगारावर.

मेंढ्यांच्या अनुदानाचा तपासनीस. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं हे असंच. शेजारचं घर केव्हाच कुलूप लावून शहरात गेलेलं. लेक रविवारी फोन करायची, तोही भांडी घासता घासता. तपासणीच्या आदल्या दिवसापासूनच मात्र काकूंची लगबग सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी फाटकाला गुडघा लावून त्या एकेक मेंढी बाहेर सोडायच्या, तपासनीस साहेब तिच्या कानातला बिल्ला वाचून आकडा टिपायचे. तासाभराचं काम काकू दुपारपर्यंत पुरवायच्या. ही लंगडी कशी झाली, त्या काळीनं पिल्लू कसं टाकलं, सगळं साग्रसंगीत. साहेब गुडघेदुखीचे, त्यांनाही टेकायला निमित्तच हवं असायचं.

मग साहेब निवृत्त झाले आणि नियमही बदलला. अर्ज फोनवर, फोटो फोनवर. अर्जातला आकडा फोटोशी जुळला नाही तरच माणूस येणार. गेल्या वर्षी काकूंचा आकडा जुळला. अनुदान वेळेवर जमा झालं आणि वर्षभर फाटकाशी कुणी फिरकलं नाही.

यंदा काकू अर्ज भरायला स्वतः सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या बाईनं फोटो पाहून एकोणचाळीस मोजल्या. काकूंनी एक्केचाळीस लिहायला सांगितलं. बाईनं चष्म्यावरून पाहिलं. खोटं निघालं तर पैसे कापतात, आणि तुमचा हिवाळ्याचा चारा त्याच पैशावर येतो ना, असं तिनं बजावलं. चारा मेंढ्या खाणार, तू कशाला घास मोजतेस, असं म्हणून काकूंनी तिला गप्प केलं.

तीन आठवड्यांनी नवा तपासनीस आला. ताठ मानेचा, मोटरसायकलची किल्ली हातातच ठेवणारा. चहा नको, पाणी नको. मेंढ्या सोडल्या, एकोणचाळीस भरल्या. परत सोडल्या, तेवढ्याच. अजून एकदा मोजायच्या का, असं काकूंनी विचारल्यावर त्यानं कागद मिटला.

माणूस वाईट नव्हता. मधल्या काळात दोन मेल्या असतील तर तसं सांगा, मी नोंद करतो, पैसे पूर्ण मिळतील, असं त्यानं सुचवलं. काकूंनी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण हो म्हटलं की आकडा जुळणार, आणि जुळला की पुढच्या वर्षी पुन्हा सगळं सामसूम.

"मेल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "नव्हत्याच."

"मग लिहिल्या कशाला?"

"नाहीतर तुम्ही आला असतात का?"

तो कुलूपबंद घराकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "काकू, एक तृतीयांश पैसे कापले जातील. आणि खोटी नोंद सापडली की पुढची तीन वर्षं जागेवर येऊन तपासणी. ती कुणाला टळत नाही."

"तीन?"

"तीन."

"तुम्हीच याल?"

"मी, नाहीतर दुसरं कुणीतरी."

"कुणीही चालेल," काकू म्हणाल्या. त्यांनी सही केली आणि न विचारताच दोघांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. पाणी तापायच्या आत बाहेर मोटरसायकल सुरू झाली.

चारा कमी पडणार. पाच-सहा मेंढ्या विकाव्या लागतील. कुठल्या, ते एकेकीचं तोंड आठवत ठरवताना काकूंनी आपल्यापुरता चहा गाळला.