कोशकाका आणि मरणाचं क्रियापद

कोशकाकांचं सारं आयुष्य शब्दांची कुळं लावण्यात गेलं. कोशकचेरीच्या मागच्या खोलीत ते जर्मन, डच, इंग्रजी अशा बहीण-भाषा समोर बसवायचे आणि त्यांच्या तोंडवळ्यावरून हरवलेल्या आईचा चेहरा काढायचे. त्या आईचं बोलणं कुणी लिहून ठेवलेलंच नव्हतं. म्हणून तिच्या प्रत्येक शब्दाआधी एक तारा काढायचा. म्हणजे हा शब्द आम्ही अंदाजानं उभा केलाय.

त्या हिवाळ्यात 'एस' अक्षर चालू होतं आणि घरी काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. दुखणं पोटातलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. काका पेजेचा चमचा पुढे करायचे, त्या मान फिरवायच्या.

"आज कोणता शब्द?" संध्याकाळी काकूंनी विचारलं. लग्न झाल्यापासून हा प्रश्न ठरलेला.

"वाहणं. ओझं वाहणं."

"अहो, तो 'बी'मधला. लेक शाळेत होती तेव्हाच संपवलात." काकू क्षीण हसल्या. "थापा तरी नीट माराव्यात माणसानं."

काका वाटीत चमचा फिरवत राहिले. मग सांगून टाकलं. "स्तेर्बानँ. ताऱ्याचा शब्द. मुळात ताठणं, लाकडासारखं होणं. त्यावरून मरणं. जर्मन नि डचमध्ये अजून मरणंच आहे. इंग्रजीत त्याचं 'स्टार्व्ह' झालं. तिथंही आधी अर्थ तोच होता, पुढे आक्रसत गेला. आता नुसतं उपासमारीनं मरणं उरलंय."

काकूंनी जरा विचार केला. "म्हणजे आधी ताठायचं, मग मरायचं, आणि उपाशी राहायचं सगळ्यांत शेवटी. माझं उलटं चाललंय."

काकांना हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. काकूंनी वाटी बाजूला सारली. "आता हे पुरे. नुसते बसा जवळ."

त्यानंतर काकांनी चमचा पुढे केला नाही. ओठ ओले करायचे, पाय चोळायचे, बसून राहायचे. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, काकू गेल्या. लेक गावाहून पोचेपर्यंत त्यांचा हात काकांच्या हातातच ताठला होता. लेकीनं एकेक बोट सोडवलं. काकांनी तो शब्द मनातही उच्चारला नाही.

सगळं आटोपून घरी आल्यावर लेकीनं गरम भात वाढला. काका नको म्हणाले. तिनं आग्रह केला म्हणून एक घास घेतला, आणि बघता बघता ताट रिकामं झालं.

"बाबा, अजून वाढू?"

भूक होती. काकांनी तिच्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं.