उजव्या बाजूचं गाऱ्हाणं

मॅट्रिक होऊन मी मालवणात घरी बसलेली, आणि गावातल्या प्रत्येकाचा आवाज काढण्यात पटाईत. मास्तर, पोस्टमन, बोटीचा तिकीटबाबू, कुणाला सोडलं नाही. हे सगळं बघायला पहिली हजर असायची ती माझी धाकटी काकी. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

तिच्या डाव्या छातीत गाठ लागली ती वैशाखात. सुपारीएवढी. मुंबईला न्यावी की नाही, हे काकाने आमच्या रीतीप्रमाणे कौल लावून देवाला विचारलं. गुरवाने देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. मग पाऊस लागला, बोटी बंद झाल्या, आणि घाटाने एसटीतून जायचं कुणी नावच काढलं नाही. दिवाळीनंतर मुंबईला नेली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरांनी डावी बाजू पार काखेपर्यंत काढली.

शुद्ध बोलणारी घरात मीच, म्हणून मी सोबत. घरी आल्यावर वॉर्डातली ओरडणारी नर्स करून दाखवली. काकी हसली, पण टाके धरून.

त्यानंतर तिचा हात उजव्या बाजूला जायला लागला. आधी आंघोळीच्या वेळी, मग भाकरी थापता थापता, मग कुणी समोर बसलेलं असलं तरी पदराखालून. काका ओटीवर झोपायचा, मी काकीजवळ. पहाटे माझा हात ओढून छातीवर ठेवायची आणि विचारायची, "बघ गो, काय लागता काय?" मी नाही म्हटलं की म्हणायची, डॉक्टरच्या आवाजात सांग. मग मी घसा जाड करून, "काही नाही हो बाई, एकदम स्वच्छ." तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं. दुपारी पुन्हा न्हाणीतून हाक. एकदा मी कंटाळून नीट न बघताच स्वच्छ म्हटलं. तिला कळलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

वर्षाने तपासणीला निघायच्या आदल्या दिवशी तिने काकाला सांगितलं की उजवी बाजूही काढून घेणार. काका हबकला. चांगलं अंग कोण कापून घेतं, म्हणाला, निदान कौल तरी लावू.

"ह्या वेळेक देवाक इचारूचा नाय," काकी म्हणाली. "कळी देवाची पडली, गाठ माझी वाढली."

असं काही जड झालं की मला नक्कल केल्याशिवाय राहवत नाही. मी गुरवासारखे हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बायेचा डावा गेला, आता उजवा पण घेवन टाक रे म्हाराजा." आमच्याकडे गुरव देवापुढे असं मागणं मांडतो, त्या गाऱ्हाण्याला बाकीचे होकार देतात.

"होय म्हाराजा," काकी म्हणाली. ती हसली नव्हती. मी हात खाली घेतले.

डॉक्टरांनी साफ नकार दिला. उजवी बाजू निरोगी आहे, ती काढून आयुष्य एका दिवसानेही वाढेल असं ते सांगू शकत नव्हते. आजार परतायचाच असेल तर अंगात दुसरीकडे कुठेही निघेल. मी शुद्ध मराठीत उत्तर जुळवत होते, पण काकी स्वतःच बोलली.

"डॉक्टरांनू, माका आयुष्य वाढवन नको. माका झोप होयी. रोज उठान हात लावन बघूचा, ह्या आता माका जमना नाय."

त्यांनी काकाकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होता. तिसऱ्या खेपेला डॉक्टर तयार झाले आणि त्यांनी उजवी बाजूही काढली.

आठ महिन्यांनी काकीची पाठ दुखायला लागली. फोटो काढला तर आजार मणक्यात. शिमग्याआधीच ती गेली.

तेराव्याला आलेल्या बायका पानावर बसून हळूहळू बोलत होत्या, दुसरं फुकटच कापून घेतलान. मी भात वाढत होते. म्हटलं, फुकट नाही. पाठ धरेपर्यंत ती रोज रात्री झोपली. मी शेजारीच निजायचे.

एकीने आमटी मागितली.